बबनरावांचा फोन बबनरावांना

दौंडच्या बन्सीच्या झेरॉक्सच्या दुकानातून बबनरावांनी स्वतःच्याच नंबरावर फोन लावला, तेव्हा दुपारचे साडेतीन वाजले होते आणि त्यांच्या लेकीची, मायाची, नर्सिंगची सीट पाच वाजेपर्यंतच तिची होती. पाचनंतर ती यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार होती. समोरच्या कॉलेजात कागद तपासून झाले होते, शिक्के बसले होते. आता फक्त दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘सीट मान्य आहे’ असं कळवायचं, मोबाईलवर ओटीपी येतो, ते सहा आकडे भरायचे, की झालं. ओटीपी आलाही होता. पण तो शिरूरला आला होता, कारण मोबाईल शिरूरला होता, घरच्या लोखंडी कपाटात.

फोन कपाटात ठेवण्याची अक्कल बबनरावांचीच. अठ्ठावीस वर्षं ते रांजणगावच्या एका मोठ्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर होते. रिटायर होऊन दोन वर्षं झाली, पण आता ते घरच कंपनीसारखं राखत होते. फाटकाशी वही टांगलेली. आलेल्या माणसानं नाव, वेळ आणि येण्याचं कारण लिहायचं. सख्ख्या मेव्हण्यालाही त्यातून सूट नव्हती. त्यानं एकदा कारणाच्या रकान्यात ‘जेवण’ असं लिहिलं होतं आणि बबनरावांनी त्यापुढे वेळ संपल्याची नोंद करून सही घेतली होती.

त्या दिवशी पहाटे निघताना त्यांनी स्वतःचा आणि मायाचा, दोन्ही फोन काढून घेतले. “एसटीत खिसेकापू असत्यात. आन् आजकाल फोन म्हंजी बँकच. बँक खिशात घालून कोण गर्दीत शिरतं?” असं म्हणून त्यांनी फोन कपाटात ठेवले आणि किल्ली बायकोच्या, साखरबाईंच्या हातात दिली. माया कुरकुरली, पण गेटवरच्या माणसापुढे कुरकुरून आजवर कुणाचं काही चाललेलं नव्हतं.

तर आता बन्सीच्या फोनवरून बबनराव स्वतःला फोन करत होते, कारण जगातला तेवढा एकच मोबाईल नंबर त्यांना पाठ होता. पहिल्यांदा फोन कट झाला. दुसऱ्यांदाही झाला.

“अनोळखी नंबर उचलायचा न्हाई, असं मीच सांगितलंय,” ते बन्सीला म्हणाले. त्यांच्या सुरात तक्रार होती, पण थोडी ऐटही होती.

चौथ्यांदा साखरबाईंनी फोन उचलला.

“कोण?”

“अगं, मी बबनराव.”

“हा फोन कुणाचा हाय, ठाव हाय का तुम्हाला?”

“माझाच की.”

“मग बबनराव बबनरावांनाच कशाला फोन करतील?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवून दिला.

बन्सीनं तोंडावर हात धरला. मुद्दा बिनतोड होता, हे बबनरावांनाही मान्य होतं.

साखरबाई अशा मुळच्या नव्हत्या. बोलणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारी साधी बाई. पण गेल्या दिवाळीत बबनरावांना त्यांची परीक्षा घेण्याची हुक्की आली. शेजाऱ्याच्या फोनवरून, नाकात बोलून, ते बँकेचे साहेब झाले आणि साखरबाईंनी कार्डाचे चार आकडे भाबडेपणानं सांगून टाकले. मग काय, पाडव्याला आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती गोष्ट ऐकवली गेली. भाऊबीजेला तर नाकातल्या आवाजासकट. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. त्या दिवसापासून त्यांनी नवऱ्याचे सगळे नियम एकेक करून पाठ केले होते.

पाचव्या फोनला बबनरावांनी घाईघाईनं सांगितलं, “ठेवू नको. परवलीचा शब्द सांगतो. कांदाभजी.”

हा शब्द त्यांनीच ठरवला होता. घरातल्या कुणी अडचणीत परक्या फोनवरून बोललं, तर ओळख पटवायला.

“तो कालपोतूर व्हता,” साखरबाई म्हणाल्या. “आज एक तारीख. दर एक तारखेला बदलायचा, असा नियम हाय. सकाळी बदलला.”

“कुणी?”

“मी.”

“मग मला कसा ठाव असंल?”

“तेच म्हणते मी. तुम्हाला कसा ठाव असंल?”

फोन पुन्हा बंद. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, ती अशी. बबनरावांनी कपाळावरचा घाम पुसला. पण घाम पुसता पुसता त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं, ते मायानं नेमकं पाहिलं.

“पप्पा, हसू नका. माझी सीट चाललीय.”

“हसत न्हाई गं. पण बघ ना, एक तारीख माझ्याबी ध्यानात न्हवती.”

मग मायानं फोन हातात घेतला. “आई, मी माया. ओटीपी सांग पटकन.”

“पोरी, तू कुणाची लेक हायस, ते मला ठाव न्हाई,” साखरबाई शांतपणे म्हणाल्या. “पण आवाजाची नक्कल करणारी मशीनं निघाल्यात, असं आमचे मालक सांगत असत्यात. असली कामं सोड. शिक्षण घे.”

“तेच तर घ्यायचंय मला,” माया रडकुंडीला येऊन म्हणाली, पण तोवर फोन बंद झाला होता.

बन्सी हुशार. तो म्हणाला, “व्हिडिओ कॉल लावू.” लावला. पडद्यावर आधी कपाटाचं दार आणि मग साखरबाईंचा एक डोळा दिसला. बबनरावांनी तोंड पुढे केलं. साखरबाईंनी ते बराच वेळ न्याहाळलं, कान पाहिले, कपाळ पाहिलं.

“मिशी हुबेहूब जमलीय,” त्या म्हणाल्या. “पण तोंडंबी खोटी करत्यात आताशा. मालकांनी मला व्हिडिओ दावलाय.”

एव्हाना दुकानात झेरॉक्सला आलेली पाच-सहा माणसं काम विसरून उभी होती. त्यांतला एकजण पाटसच्या कारखान्यातून सुट्टी घेऊन पोराचा फॉर्म भरायला आला होता. तो म्हणाला, “काकू लय कडक हायत. आमच्या हिनं तर गॅसवाला म्हणल्यावर आधार कार्डाचा फोटो धाडला.” सगळ्यांनी माना डोलावल्या. बबनरावांची छाती जरा पुढे आली, पण भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार दिसले, तशी ती परत जागेवर गेली.

शेजारपाजाऱ्यांचे नंबर सगळे फोनमध्ये, म्हणजे कपाटात. डोक्यात होता तो एकच दुसरा नंबर, कंपनीच्या गेटचा. अठ्ठावीस वर्षं तिथला फोन उचलून कानाला घट्टा पडला होता. तो लावला. गेटवर इंद्रजीत होता, बबनरावांनी स्वतः घडवलेला गडी, नुकतीच ड्युटी संपवून निघायच्या बेतात.

“इंद्रजीत, गाडी काढ. शिरूरला माझ्या घरी जा. माझ्या बायकोकडून सहा आकडे घे, आन् या नंबराला सांग.”

“सर, निघालोच,” इंद्रजीत म्हणाला आणि खरोखरच पंचवीस मिनिटांत शिरूरला पोचला. सव्वाचारला त्यानं फाटक वाजवलं. पुढचं सगळं त्यानं नंतर फोनवर सांगितलं. साखरबाईंनी आधी त्याला वहीत लिहायला लावलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली. कारणाच्या रकान्यात त्यानं इमानदारीत ‘ओटीपी’ लिहिलं, तिथं घात झाला.

“वहिनी, ओळखलं न्हाई का? मी इंद्रजीत. हा बघा, युनिफॉर्म हाय अंगावर.”

“युनिफॉर्म बाजारात मिळतो. असं मालकच म्हणत्यात.”

मग त्यांनी त्याला प्रेमानं ओट्यावर बसवलं, चहा दिला, आणि स्वतः बाहेर जाऊन फाटकाला बाहेरून कुलूप घातलं. मागच्या दारानं त्या परत घरात गेल्या, आणि पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना आतून कडी.

“सर, मला कोंडलंय,” इंद्रजीतचा आवाज बारीक झाला होता. “चोवीस तास तुम्ही ट्रेनिंग दिलं असतं, तरी मला हे सुचलं नसतं. चहा मात्र झकास हाय.”

बबनराव स्टुलावर बसले. चार वाजून तेवीस मिनिटं झाली होती. माया कॉम्प्युटरपुढे बसली होती, तिच्यापुढच्या पडद्यावर सहा रिकाम्या चौकटी होत्या. ही सीट मिळावी म्हणून पोरगी वर्षभर पहाटे चारला उठली होती. नर्स व्हायचं तिनं सातवीतच ठरवलं होतं, आणि बबनरावांनी कुठल्याही रजिस्टरात न लिहिलेली अशी ती एकच गोष्ट मनात जपली होती. ती आता त्यांच्याच नियमांच्या फाटकाबाहेर उभी होती. आयुष्यात त्यांनी कुणाची गयावया केली नव्हती. गेटवर लोक त्यांची करत.

त्यांनी परत फोन लावला. साखरबाईंनी उचलला, पण ‘कोण’ विचारलं नाही.

“ठेवू नको,” बबनराव म्हणाले. “आकडे नको सांगू. नुसतं ऐक. मी दिवाळीत तुझी चेष्टा केली, ती करायला नको व्हती. चुकलं माझं. पाव्हण्यांपुढं तर न्हाईच करायला पायजे व्हती.”

फोन चालूच राहिला.

“अठ्ठावीस वर्षं मी गेट राखलं,” ते पुढे म्हणाले. “माझ्या हाताखालनं तीनशे गडी गेले. त्यातल्या एकालाबी तुझ्यासारखं जमलं न्हाई. साहेबानं डोळं वटारलं की सोडायचे लेकाचे. तू नवऱ्यालाबी सोडलं न्हाई. मी घरी सारखे नियम सांगत बसलो, पण घर राखलं तू. मी ड्युटीवर असायचो तवाबी तूच राखलं. सासूचं दुखणं, पोरीची शाळा, सगळं. कधी बोललो न्हाई मी. बोलायला पायजे व्हतं. तू लय हुशार हायेस, साखर. माझ्यापेक्षा शंभर पटीनं.”

झेरॉक्सचं मशीन बन्सीनं बंद केलं होतं. पाटसचा माणूस उगाच छताकडे बघत होता.

“झालं?” साखरबाईंनी विचारलं.

“झालं.”

“ठेवते मग.”

बबनरावांनी फोन बन्सीला परत दिला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते बसून राहिले. मायानं बापाच्या पाठीवरून हात फिरवला.

साडेचारच्या ठोक्याला बन्सीचा फोन वाजला. शिरूरहून.

“मायाला द्या,” साखरबाई म्हणाल्या. “माया, आधीचे आकडे कवाच बाद झाले असतील. नवे मागव. मी फोन हातात धरून बसले हाय.”

मायानं बटण दाबलं. सहा आकडे आले, सहा चौकटी भरल्या, आणि चार वाजून चौतीस मिनिटांनी पडद्यावर हिरव्या अक्षरांत प्रवेश निश्चित झाल्याचं आलं. दुकानातल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. बन्सीनं प्रिंटचे पैसे घेतले नाहीत. वर म्हणाला, “काकूंना एकदा दौंडला आणा. आमच्या घरच्यांना चार गोष्टी सांगतील.”

न्हावऱ्यावरून येणारी एसटी शिरूरला पोचेपर्यंत दिवेलागण झाली. इंद्रजीतला साखरबाईंनी केव्हाच सोडलं होतं, तेही पोटभर जेवू घालून आणि वहीत सही घेऊन. घरात शिरताच मायानं आईला मिठी मारली. बबनराव दारातच घुटमळले. दुकानात बोललेलं सगळं त्यांना आठवत होतं आणि कुठं बघावं ते कळत नव्हतं.

“कळलं कसं गं शेवटी, की मीच हाय?” त्यांनी विचारलं.

“तुमच्या नियमानं,” साखरबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. “समोरच्याच्या बोलण्यावर जायचं न्हाई, आपल्यापाशी असलेल्या नंबराला आपण फोन लावायचा. मायाच्या ॲडमिशनच्या कागदाची एक झेरॉक्स घरी हाय, तिच्यावर कॉलेजचा नंबर छापलाय. तिथं लावला. ऑफिसातल्या सविता मॅडम म्हणल्या, मिशीवाले काका आन् मुलगी समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेल्यात. दुकानाचा नंबरबी दिला त्यांनी. मला येत व्हता त्योच.”

बबनराव थक्क होऊन बघत राहिले. त्यांच्या तीनशे गड्यांपैकी एकानंही हे केलं नसतं. खरं म्हणजे त्यांनी स्वतःही केलं नसतं, पण ते त्यांनी उघड कबूल केलं नाही.

माया तोवर कपाटापाशी बापाचा फोन चाळत होती. ती एकदम थांबली.

“आई, तू कॉलेजला फोन केलास तीन पन्नासला. इंद्रजीतकाका यायच्या आधी.”

“व्हय.”

“म्हणजे पप्पा खरे आहेत, हे तुला तेव्हाच माहीत होतं?”

“व्हय. मॅडमनी पाचपोतूरची येळबी सांगितली. म्हणून साडेचारचा गजर लावून ठेवला व्हता.”

“मग लगेच आकडे का नाही दिलेस? माझा जीव जायची वेळ आली होती.”

साखरबाईंनी पिठाचा गोळा परातीत ठेवला, हात पुसले आणि नवऱ्याकडे बघितलं.

“दिवाळीचं उट्टं साडेचारपोतूर काढायचं ठरवलं व्हतं,” त्या म्हणाल्या. “तरी मधी दया येऊन द्यायलाच फोन उचलला व्हता. पण पस्तीस वर्षांत पयल्यांदा माझं कौतुक चाललं व्हतं. मधीच कशी तोडू?”