मंगळावरचं दार

त्या संध्याकाळी जनवाड्याच्या काशप्पाने नुसतं "माहेरी गेलीय" एवढं सांगितलं असतं, तर पुढची भानगड झालीच नसती. पण खरं बोलायला भांडवल लागत नाही, म्हणून व्यापारी माणसाला ते फुकटचं वाटतं. आणि फुकटच्या मालावर काशप्पाचा कधीच विश्वास नव्हता.

त्याच्या दुकानात गूळ, मीठ, तंबाखू आणि गप्पा मिळत. पहिल्या तीन वस्तू तोलून, चौथी वरकड. निजाम सरकारच्या अमलात करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके जागोजागी होते, पण काशप्पाच्या जिभेवर नाका बसवायचं कुणाला सुचलं नव्हतं. कन्नड गिऱ्हाइकाशी कन्नड, मराठीशी मराठी, आणि नाक्यावरच्या शिपायाशी अशी अदबशीर उर्दू, की शिपाईच लाजायचा. शाळेचं तोंड त्याने पाहिलं नव्हतं. पुड्या बांधायच्या रद्दीवर तो वाचायला शिकला. त्यामुळे त्याचं ज्ञानही पुडीएवढंच होतं : मधेच सुरू होणारं आणि ऐन रंगात फाटलेलं.

असा हा माणूस घराचा उंबरा ओलांडला की मुका. सगळी बोलणी दुकानातच खपून जात. घरी आणायला शिल्लक काही राहत नसे. घरात लेकरू नाही, म्हातारं माणूस नाही. त्याची बायको चन्नम्मा दिवसभर चुलीशी बोले, रांजणाशी बोले, आणि संध्याकाळी नवऱ्याशी. चूल निदान तडतडायची तरी.

एका दुपारी तिने मन लावून हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर, केली. (हुग्गीच होती, असं काशप्पा छातीवर हात ठेवून सांगे.) वाढली आणि विचारलं,

"कसं झालंय?"

"हूं."

"हूं म्हंजे गोड झालंय का कमी हाय?"

"हूं."

"अवो, मी माणूस हाय का भित?"

यावरही तो "हूं" म्हणाला. आपण काय ऐकलं हे त्याला घास गिळल्यावर कळलं. तोवर चन्नम्माचं गाठोडं बांधून झालं होतं.

"मी चालले कडगंचीला, भावाकडं. या घरात ज्या दिवशी एक पुरतं वाक्य बोलताल, त्या दिवशी सांगावा धाडा."

काशप्पाला वाटलं, चार दिवसांत येईल. चार दिवस कधीच उलटून गेले.

मग ती संध्याकाळ आली. ईरण्णा तेली दुकानाच्या पायरीवर टेकला आणि सहज म्हणाला, "अण्णा, अक्का दिसनात कुठं?"

काशप्पाच्या हातात तंबाखूची पुडी होती. पुडीच्या कागदावर छापलं होतं : 'मंगळावर मनुष्यवस्ती असावी काय?' पुढचा कागद कुणाच्या तरी मिठाबरोबर गेला होता. काशप्पाने एकदा पुडीकडे पाहिलं, एकदा ईरण्णाकडे पाहिलं आणि बोट आभाळाकडे नेलं.

"ती तांबडी चांदणी दिसली का? तिथं माणसं हायत."

ईरण्णा अक्काला विसरला. "कशी माणसं?"

"तोंडच न्हाई त्येंला."

"मग खातेत कशानं?"

"तळहातानं. भाकर मुठीत धरायची, ती आतल्या आत मुरती. पोट कोपरात असतंय."

"आन् बोलतेत कसं?"

बैलबाजारात दलाल उपरण्याखाली बोटं दाबून भाव करतात, तसं गूळ-तंबाखूच्या घाऊक खरेदीत आयुष्यभर काशप्पाने केलं होतं. म्हणाला, "उपरण्याखाली. बोटं धरून. सगळं बोलणं बोटानंच."

ईरण्णा घरी गेला तो एक एक बोट निरखत.

दुसऱ्या दिवशी शेतकरी ग्यानबा आणि त्याची बायको राजूबाई मीठ न्यायला आली. "अक्का आल्या न्हाईत अजून?" म्हणून राजूबाईने विचारलं मात्र, काशप्पाचं बोट वर. (दुपारची वेळ होती. तरी वर.)

"तिथले गडी घरात शिरताना कान काढून खुंटीला टांगतेत."

"ते काय नवल?" राजूबाई म्हणाली. "आमच्या घरी रोजच टांगलेले असतेत."

ग्यानबा मिठाचे खडे निवडू लागला.

असं होता होता, कुणी चन्नम्माची चौकशी केली की मंगळावरच्या माणसाला एक अवयव फुटायचा. गुडघ्यात डोळे आले, कारण ती माणसं वाटेत ठेचाळत नाहीत. पाठीला वाती आल्या, त्या दिवेलागणीला आपोआप पेटत. गाव पायरीवर गोळा व्हायचं. लोक बसले आहेत तोवर दुकान बंद करावं लागत नाही, आणि दुकान बंद केलं नाही तर घरी जावं लागत नाही, हा हिशेब काशप्पाने कुणाला सांगितला नाही.

"आन् लेकरं कशी व्हतेत त्येंला?" एकदा ईरण्णाने विचारलं.

"नवराबायकूनं समोरासमोर बसून एकमेकाच्या कपाळाकडं बघायचं. पुरतं बघितलं, की मटकीला मोड यावा तसं कपाळाला लेकरू फुटतंय."

"आन् न्हाई बघितलं तर?"

काशप्पा बराच वेळ गूळ तोलत राहिला. काटा केव्हाच सरळ झाला होता.

"न्हाई बघितलं तर न्हाई फुटत."

घरी गेल्यावर तो जाड भाकरी थापायचा, एका बाजूने करपलेली, दुसऱ्या बाजूने कच्ची. मग चुलीपाशी बसून उपरणं मांडीवर पसरायचा आणि त्याखाली उजव्या हाताने डाव्याची बोटं धरायचा. 'ये' कसं म्हणायचं? दोन बोटं? का अख्खी मूठ? भाव सांगायच्या सगळ्या खुणा त्याला पाठ होत्या, पण 'ये' ही खूण बाजारात कधी लागलीच नव्हती. दोन्ही हात त्याचेच, तरी सौदा फिसकटायचा.

एके दिवशी राजूबाईने भलताच प्रश्न टाकला. "अण्णा, तिथली बाई रुसून माहेराला गेली तर?"

ईरण्णा उगाच आपल्या पायाचा अंगठा बघू लागला. काशप्पाचं बोट आभाळाकडे गेलं.

"जाताना घराचं दार काढून घेऊन जाती."

"कामून?"

"ज्या घरात बोलायला कोण न्हाई त्येला दार कशाला? दार आतल्या माणसासाठी असतंय."

"मग परत कधी येती?"

"नवऱ्यानं एक वाक्य बोललं की."

"तोंड न्हाई म्हणलाव की त्येंला!"

"तीच तर अडचण हाय," काशप्पा म्हणाला.

सगळे हसले. राजूबाई हसली नाही. ती मीठ न घेताच गेली.

दोन दिवसांनी ग्यानबा बोंबलतच दुकानात शिरला. "अण्णा! तुमच्या मंगळानं माझं दार नेलं!"

झालं होतं ते असं. त्या काळी खेड्यातली दारं बिजागरीवर नसत. दाराच्या खालच्या कोपऱ्याला लाकडी खुंटा, तो उंबऱ्याजवळच्या दगडाच्या खळग्यात फिरे. उचललं की दार हातात. राजूबाईने आधी नवऱ्याला "मी माहेराला चालले, नौबादला" असं तीनदा सांगितलं. त्याचे कान खुंटीला होते. तेव्हा तिने भावाच्या गाडीत दार चढवलं, त्यावर स्वतः बसली, आणि भर बाजारातून गेली.

"घरात शेळ्या शिरल्यात," ग्यानबा म्हणाला. "माझ्या अंथरुणावर वासरू निजलंय! दार भरून द्या."

"मी कुठलं दार देऊ?"

"तुमचं. तुमच्या घरात तरी कोण हाय आत?"

स्वतःचाच माल आपल्या गळ्यात मारला जात असताना व्यापाऱ्याने काय बोलावं? ग्यानबा दार डोक्यावर घेऊन गेला.

उघड्या घरातून सगळं दिसू लागलं. थंड चूल, एकच ताट, दांडीवर लुगडं नाही. येणारा-जाणारा डोकावून जायचा आणि त्याला कळायचं ते कळायचं. दुकानात आता "अक्का कुठं गेल्या?" असं कुणीच विचारीना. सगळे मालापुरतं बोलत, हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसं. कुणी विचारीना, तेव्हा मंगळही संपला. काशप्पा लवकर घरी येऊन उंबऱ्यावर बसे. एक कुत्रं आत जाऊन बघून आलं आणि काही न खाता निघून गेलं. तेवढ्याचाही त्याला अपमान वाटला.

ईरण्णा तेलाची गाडी घेऊन आळंदच्या बाजाराला गेला होता. तिथून चन्नम्माचं माहेर कडगंची फार लांब नाही. मंगळाची सगळी गोष्ट त्याने तिला सांगितली असणार, कारण तो परतला तेव्हा गाडीत डब्यांच्या मधोमध चन्नम्मा बसली होती.

काशप्पा चुलीशी फुंकर मारत होता. ठोठावायला दार नव्हतंच. ती सरळ आत येऊन उभी राहिली.

"दार कुठाय?"

एवढे दिवस उपरण्याखाली घोकलेलं सगळं काशप्पाच्या घशाशी आलं, एकमेकांत अडकलं, आणि बाहेर पडलं ते असं : "हूं."

चन्नम्माने गाठोडं खाली ठेवलंच नाही. "बिनदाराच्या घरात मी बसत न्हाई. ईरण्णाची बैलं वैरण खाऊस्तोवर थांबते. न्हाईतर तसंच माघारी."

काशप्पा अनवाणीच ग्यानबाकडे पळाला. तिथे वेगळाच थाट. राजूबाई कालच दारासकट परत आली होती. (भावजय म्हणाली होती, "तुम्ही ऱ्हावा वन्सं, पर दार ठिवायला जागा न्हाई.") तिचं दार जागेवर बसलं होतं आणि काशप्पाचं भिंतीला टेकून उभं होतं. कसं कोण जाणे, ते बुटकं वाटत होतं.

"आमची चौकट ठेंगणी, अण्णा," ग्यानबा खाली बघत म्हणाला. "वीतभर छाटावं लागलं. खालून."

म्हणजे खुंट्यासकट. आणि सुतार लग्नाला परगावी.

दोघांनी दार आणून चौकटीत उभं केलं. सोडलं की पडे. कुणीतरी धरून उभं राहायला हवं होतं. ग्यानबा म्हणाला, शेळ्या आणायच्यात. चन्नम्मा म्हणाली, आत चूल विझलीय. राहिला काशप्पा. तो बाहेर रस्त्यावर, दोन्ही हातांनी दार छातीशी धरून. बायको घरात आली होती, दार लागलं होतं, आणि घरमालक बाहेर.

दिवेलागण झाली. तांबडी चांदणी उगवली. तेलाची गाडी कोपऱ्यावर उभी होती आणि बैलांपुढची वैरण संपत आली होती. ईरण्णा जवळ आला. त्याच्यामागून राजूबाई, शेळ्या घेऊन ग्यानबा, पाण्याला निघालेल्या बाया. ईरण्णाने मुद्दाम मोठ्याने विचारलं,

"अण्णा, अक्का आल्या व्हय?"

सवयीने काशप्पाचा उजवा हात आभाळाकडे निघाला. दार कललं. हात झटकन परत दारावर. वर दाखवायला एक बोट मोकळं नव्हतं. त्याने एकदा चांदणीकडे पाहिलं, एकदा दाराकडे पाहिलं, आणि फळीला कपाळ टेकून म्हणाला,

"व्हय, आलीय. ती न्हवती तर मला या घरात करमत न्हवतं. आन् त्या दिवशीची हुग्गी लई गोड झालती, सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

दार एकदम हलकं झालं. पलीकडून कुणीतरी हात लावला होता. ईरण्णा गाडीचे बैल सोडायला गेला.

फळीच्या फटीतून आवाज आला, "हुग्गी कुठली? पुरणाचे कडबू केलते त्या दिवशी."

काशप्पाने पुष्कळ आठवून पाहिलं.

"हूं," तो म्हणाला.