रॉजर द टर्विलची पंगत

रंगाचं दुकान दुपारी जेवणासाठी बंद नसतं, तर मॅट टर्विलच्या घरी हे महाभारत घडलंच नसतं.

ब्रीडाने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला सकाळीच शहरात पिटाळलं होतं. क्रीम रंगाचे दोन डबे आणायचे, रस्त्याकडची भिंत रंगवायची, बास. तीन आठवड्यांनी गुरुवारी घरी मिस्सा, म्हणजे चर्चची प्रार्थना, होती. क्लॉनगार या आयरिश गावात वर्ष-दीड वर्षातून एकदा कोणाच्या ना कोणाच्या स्वयंपाकघरात मिस्सा होते. फादर येतात, सगळं गाव येतं आणि नंतर न्याहारी असते. ब्रीडाची पाळी अकरा वर्षांनी आली होती. एकदा कमी पडलं की गाव पुढची पाळी येईपर्यंत विसरत नाही. ब्रीडाच्या नॉनी आत्याकडे नऊ वर्षांपूर्वी सॉसेज संपले होते, ते अजून निघतं.

तर दुकान बंद, वर पावसाची पिरपिर आणि समोर वाचनालय. वाचनालयात शेकोटी असते (मॅटचा आणि ज्ञानाचा संबंध एवढाच). तो आत शिरला. तिथल्या टोबिनबाईंनी नाव विचारलं, त्याने सांगितलं आणि बाईंचा चष्माच वर सरकला.

"टर्विल? म्हणजे त्या बाहेरून चालून आलेल्या नॉर्मन सरदारांपैकी? तुमच्या गावात त्यांचा पडका बुरूज आहे ना?"

"आहे. माझा मेव्हणा त्यात वासरं बांधतो."

"मग तुम्ही त्यांच्यातलेच असाल, बहुधा."

बाईंनी त्याला जुन्या कागदांची नक्कल करून दिली. मॅटने सगळं जपून घरी आणलं. 'बहुधा' तेवढं वाचनालयातच राहिलं.

त्या दिवसापासून त्याची चालच बदलली. गाईंचं दूध काढायला जाताना पूर्वी तो वाकून चालायचा, आता छाती काढून चालू लागला. (गाईंना फरक पडला नाही.) भिंतीला क्रीम रंग दिला खरा, पण उरलेल्या रंगात दाराचा लाल मिसळून त्याने मधोमध घराण्याची ढाल रंगवली. ढालीवर तीन रानडुकरांची मुंडकी.

ब्रीडा अंगणात येऊन बराच वेळ बघत उभी राहिली.

"ही तीन कुत्री कोणाची?"

"रानडुकरं आहेत ती. आमच्या घराण्याची निशाणी."

"रंग वाळला की परत क्रीम मार त्याच्यावर," ती म्हणाली आणि आत गेली. ब्रीडा मूळची फेलनांची लेक. फेलन म्हणजे गावचे अस्सल जुने आयरिश. आठ घरांपैकी सहा घरं त्यांची, म्हणजे मॅटसाठी अख्खं गाव सासुरवाडीच.

इथवर झालं ते एक वेळ खपलं असतं. पण मिस्सेच्या आधीच्या शनिवारी संध्याकाळी मॅट खिशात कागद घालून दारूच्या गुत्त्यावर गेला. चौदा माणसं होती, त्यातले अकरा फेलन. दुसऱ्या ग्लासानंतर त्याने घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली.

"तेराशे नऊ साली सरदार रॉजर द टर्विलने शेजारच्या फेलन मंडळींना तहासाठी जेवायला बोलावलं. एकोणतीस जण आले. मांस वाढून झाल्यावर रॉजरने दरवाजे लावून घेतले आणि एकोणतीसच्या एकोणतीस जणांना पंगतीवरच कापून काढलं."

त्याने कागदाची घडी घातली आणि कौतुकाच्या अपेक्षेने आजूबाजूला पाहिलं. वाचताना त्याचं सगळं लक्ष रॉजरकडे होतं. समोर बसलंय कोण, हे त्याला आत्ता दिसलं.

त्याचा मेव्हणा नेड फेलन सावकाश म्हणाला, "दाजी, मांस वाढून झाल्यावर, की खाऊन झाल्यावर?"

"कागदावर 'वाढून' आहे."

"म्हणजे उपाशीपोटी मारलं."

"तेवढंच वाईट केलं बघ," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"मारलं ते एक वेळ समजू शकतो," नेड म्हणाला. "पण ताटावरून उठवून? बरं, गुरुवारी तुमच्याकडे न्याहारीला किती जणांना बोलावलंय, दाजी?"

मॅटने मनातल्या मनात फेलन मंडळी मोजली. एकोणतीसच भरत होती.

बुधवारी ब्रीडा नेडच्या घरी खुर्च्या मागायला गेली आणि हात हलवत परत आली. टेबलावर दोन अख्खे हॅम शिजवून ठेवले होते, पाच डझन अंडी होती, माहेरची चांदीची चहादाणी घासून लखलखीत केलेली. ती त्या सगळ्याच्या मधोमध बसली.

"वहिनी म्हणाली, खुर्च्या हव्या तेवढ्या ने, माणसं मिळणार नाहीत. टर्विलच्या पंगतीला फेलन एकदाच बसतात म्हणे."

"चेष्टा करत असतील गं."

"चेष्टा? अकरा वर्षं मी या सकाळची वाट बघतेय, मॅट. आता एवढं सगळं मी आणि फादर दोघांनी बसून खायचं का?"

तिने पदर नव्हता म्हणून एप्रनने डोळे पुसले. एवढ्या दिवसांत मॅटला पहिल्यांदाच स्वतःची लाज वाटली. त्याने शिडी घेतली आणि तीनही मुंडकी क्रीम रंगाखाली गाडून टाकली. (ती पुसट दिसत राहिली. लाल रंग चांगल्या कंपनीचा होता.)

गुरुवारी सकाळी फादर कीओ आले, मेणबत्त्या लागल्या, आणि फेलन मंडळीही आली. ठेवणीतले कपडे घालून, पोराबाळांसकट. आली आणि फाटकाबाहेर रस्त्यावर उभी राहिली. नॉनी आत्या तर घरून खुर्ची घेऊन आल्या होत्या.

"आत या ना," मॅट दारातून म्हणाला.

"इथूनही प्रार्थना ऐकू येते," नेड म्हणाला. "आणि इथे दरवाजाही नाही लावून घ्यायला."

मॅट आत आला. ब्रीडाने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

"मॅट, बाहेर जा आणि सांग, तू टर्विल नाहीस म्हणून."

"खोटं बोलू? घरात फादर असताना?"

"खरंच नाहीस तू. तुझा पणजोबा त्या पडक्या बुरुजात सापडला होता. तान्हा, टोपलीत. कोणाचा ते कधी कळलं नाही. बाप्तिस्म्याला आडनाव लागतं, म्हणून तेव्हाच्या फादरनी बुरुजाचं नाव लावून टाकलं."

मॅट खुर्चीवर बसला. "तुला कोणी सांगितलं?"

"लग्नाआधी आमच्याकडे सगळी चौकशी झाली होती. खरा टर्विल असतास, तर माझ्या बापाने पोरगी दिली असती तुला?"

तीन आठवडे मॅट सरदार होता. एवढं सुख त्याला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं, आणि ते असं उभ्या उभ्या कोणाला द्यायचं म्हणजे जिवावर येत होतं. त्याने फादरकडे पाहिलं. फादर हॅमकडे बघत होते. मग त्याने ब्रीडाकडे पाहिलं. ती कडक इस्त्रीच्या टेबलक्लॉथवरची नसलेली चुणी हाताने सारखी करत होती. तो उठला.

फाटकाशी जाऊन त्याने टोपी काढली.

"ऐका मंडळी," तो म्हणाला. "त्या रॉजरशी माझा काही संबंध नाही. मी टर्विल नाही. मी कोणाचाच नाही. माझा पणजोबा बुरुजात सापडलेलं बेवारशी पोर होतं. आता आत या. ब्रीडाने सगळं केलंय, तिला असं तोंडघशी पाडू नका."

मॅट टोपी हातात गोल गोल फिरवत राहिला. मग नेडने फाटकाची कडी काढली.

"ठाऊक आहे, दाजी."

"तुला ठाऊक आहे?"

"सगळ्या गावाला ठाऊक आहे. चार पिढ्या आम्ही तोंडातून शब्द काढला नाही. म्हटलं, माणसाला उगाच कशाला वाईट वाटू द्यायचं. आता तुम्हीच भिंतीवर डुकरं रंगवायला लागलात, त्याला आम्ही काय करणार? सरा बाजूला, चहा निवतोय."

अठ्ठावीस फेलन त्याच्या अंगावरून भराभर आत गेले. स्वयंपाकघरातून ब्रीडाचा हसण्याचा आवाज आला, आणि तो ऐकून मॅटच्या जिवात जीव आला. शेवटी नॉनी आत्या राहिल्या. त्यांनी आपली खुर्ची त्याच्या हातात दिली आणि त्याच्या दंडाचा आधार घेत त्या पायरी चढल्या.

"वाईट वाटून घेऊ नका, जावईबापू," त्या म्हणाल्या. "ती टोपली आमच्याकडेच आहे अजून. बटाटे ठेवते मी तिच्यात. घराण्याची निशाणी म्हणून हवी असेल तर न्या. बटाटे तेवढे ओतून घ्या. आणि बूड जरा गेलंय, खालून हात लावून न्या."