परातीतला भूकंप

पुण्याचा माणूस येणार म्हणून देविका पुढची खोली झाडत होती, आणि नेमक्या त्याच वेळी शरदचंद्र मास्तरांनी टेम्पोतून सहा लोखंडी कॉट अंगणात उतरवून घेतल्या.

"अण्णा, आजच आणायच्या होत्या का?"

"आज टेम्पो रिकामा होता," मास्तर म्हणाले. "आणि आपलं ठरलंय ते ठरलंय. तुझ्या त्या मासिकवाल्यामुळं एक तरी खरीखुरी ऑर्डर आली, तर खोली तुझी. न्हाई आली, तर जूनमध्ये खोलीत पोरी येतील."

लातूरच्या ट्यूशनच्या भागात घर असणाऱ्या माणसाला खोली रिकामी ठेवणं म्हणजे पाप वाटतं. मास्तरांच्या वरच्या मजल्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या मुली भरलेल्या होत्याच. किनवटपासून देगलूरपर्यंतच्या मुली रात्रंदिवस घोकत असत. खाली पुढची एकच खोली उरली होती, आणि तिच्यात देविकाचे दिवे, स्टुलं आणि टेबलं होती. ती अहमदाबादेहून डिझाइन शिकून आली होती. कुठल्या कंपनीत न जाता स्वतःच्या नावानं घरातल्या वस्तू करायच्या, असं तिच्या मनात होतं. मास्तर आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले होते. शिकलेल्या मुलीनं स्टुलं करावीत हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

देविकानं खोली झाडली, दिवे पुसले, आणि खिडकीजवळच्या नव्या उंच टेबलावरची परात उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवली. परत आली तर परात पुन्हा टेबलावर.

"आत्या! आजच्या दिवस तरी नको ना!"

"आज काय जमिनीला सुट्टी हाय?" इंदूआत्या आतूनच म्हणाली.

इंदूआत्या म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ती औशाकडच्या एका गावात सासरी होती. त्या रात्रीबद्दल ती कधी बोलत नसे. भावाकडं राहायला आली ती एक सवय घेऊन आली. प्रत्येक खोलीत एक परात ठेवायची. परातीत तांब्या पालथा घालायचा, तांब्यावर फुलपात्र पालथं, त्यावर वाटी, वाटीत दोन चमचे. जमीन जराशी हलली की सगळं परातीत कोसळतं आणि मेलेला माणूससुद्धा उठून बसतो. तिचं पाहून सगळ्या गल्लीनं तेच सुरू केलं. भूकंप जुना झाला, पोरं मोठी झाली, गल्लीत टाइल्स आल्या, पण परात कुणी काढली नाही. आत्या अधूनमधून घराघरात जाऊन तपासून येत असे.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. परात जागच्या जागी राहिली.

मुकुल हा घर आणि सजावट यावरच्या मासिकाचा माणूस. खांद्याला कॅमेरा, अंगात खादीचा कुर्ता, बोलणं एकदम मऊ. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या डिझायनरांच्या मुलाखती घेत तो मराठवाडाभर फिरत होता. मास्तर मुद्दाम खुर्ची ओढून दाराशी बसले.

"देविकाताई, आपण या स्टुलापासून सुरुवात करू. तीन पाय. यामागची प्रेरणा काय?"

"आमच्या घरातली फरशी सपाट नाही. चार पायांचं डुगडुगतं. तीन पायांचं डुगडुगत नाही."

मुकुल थांबला. लिहायला उचललेलं पेन त्यानं खाली ठेवलं. "हो, पण आतून काही? एखादी आठवण? माती? काल नांदेडला एका डिझायनरनं मला एका वाडग्यावर अर्धा तास गोदावरी सांगितली."

"वाडगा केवढा होता?" मास्तरांनी विचारलं.

देविकानं वडिलांकडं पाहिलं, मग अंगणातल्या कॉटकडं पाहिलं. आणि तिनं ठरवलं की आता माती सांगायची.

"हा दिवा बघा," ती म्हणाली. "अर्धापूरच्या केळीच्या सोपटाचा धागा आहे. आणि हा आकार... देवणी गाईच्या कानावरून सुचला. लहानपणी..."

"अगं, ती सायकलची रिंग हाय ना? माझ्या जुन्या सायकलची?" मास्तर म्हणाले. "मीच तर दिली. एका बाजूनं वाकलेली."

मुकुलनं लिहिलेलं 'गाय' हळूच खोडलं. मग तो उठला, खोलीत फिरला, आणि खिडकीजवळ येऊन एकदम थबकला.

"हे काय आहे?"

परातीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं. तांब्या चमकत होता, फुलपात्र त्याच्यावर सरळ उभं होतं, वाटीतले चमचे कमळाच्या पाकळ्यांसारखे बाहेर आले होते.

"सगळं एकावर एक, आणि कुठं चिकटवलेलं नाही! आत्ता पडेल असं वाटतं, पण पडत नाही," मुकुल कुजबुजला. "ही तुमची वस्तू?"

देविकाच्या मनात होतं की नाही म्हणावं. पण सकाळपासून पहिल्यांदाच त्याचा चेहरा उजळला होता.

"हो. म्हणजे... नवीन आहे."

"नाव?"

"तोल," देविका म्हणाली. दाराशी मास्तरांना ठसका लागला.

"जरा उजेडात घेऊ या," असं म्हणून मुकुलनं परात दोन्ही हातांनी उचलली.

आधी चमचे पडले, मग वाटी, मग फुलपात्र. शेवटी तांब्या परातीवर आपटून खाली शहाबादी फरशीवर गेला आणि घरंगळत दारापर्यंत आला. पितळेचा तो आवाज विरायच्या आत स्वयंपाकघरातून आत्याचा आवाज आला.

"भाईर! भाईर निघा सगळे! पोरींनो, खाली उतरा!"

"आत्या, थांब, काही नाही झालं..."

पण आत्या देविकाचा दंड धरून रस्त्यावर पोचलीसुद्धा होती. मागोमाग हातात परात तशीच धरून मुकुल. वरच्या मुली पुस्तकं छातीशी धरून लोखंडी जिन्यावरून एकदम उतरल्या. तो जिना जिलानीच्या भिंतीला ठोकलेला होता. जिलानी म्हणजे शेजारचा वेल्डिंगवाला, देविकाच्या स्टुलांचे पाय तोच जोडून देई. भिंत हादरली तशी त्याच्या घरातली परातही वाजली, आणि त्याची बायको सुलतानबी ओरडत बाहेर आली. तिच्या ओरडण्यानं पलीकडचा चन्नबसप्पा इतका दचकून उठला की त्याची परात त्याच्याच धक्क्यानं पडली. असं एकेका घरातून होत होत गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत चांगला दणदणीत भूकंप झालेला होता.

सगळी गल्ली रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. फोन बाहेर आले.

मास्तर सावकाश चप्पल घालून बाहेर आले. "देविका," ते हळूच म्हणाले, "विज्ञान काय सांगतं? जे घडलं ते घडलं तसं सांगावं. सांग लोकांना."

देविकानं घसा साफ केला. "ऐका ना सगळ्यांनी. भूकंप झालेला नाही. आमच्या पाहुण्यांच्या हातून परात पडली."

लोकांनी तिच्याकडं दयेनं पाहिलं.

"बेटा, तुमची परात पाहुण्यानं पाडली, मान्य," जिलानी म्हणाला. "मग आमची कुणी पाडली? आमच्याकडं तर आज पाहुणे बी न्हाई."

"ती जिन्यामुळं..."

"आणि माझी?" चन्नबसप्पानं विचारलं. "माझ्याकडं तर जिना बी न्हाई."

"भ्याली बिचारी," सुलतानबी म्हणाली. "पाणी पाजा तिला."

इतक्यात मास्तरांच्या मेव्हण्याचा नांदेडहून फोन आला. तो स्पीकरवर बोलत होता. "दाजी, तिकडं झाला म्हणं? इथं बी पंखा हालला!"

"पंखा चालू होता का?" मास्तरांनी विचारलं.

"हाव, चालूच होता."

"नांदेडपर्यंत गेला!" गल्लीत लाट उठली. पुढं कुणी मास्तरांचं ऐकलं नाही, देविकाचंही नाही.

गल्लीचा एक नेम होता. पहिल्या धक्क्यामागून दुसरा येतो, म्हणून आत्या घरात शिरेपर्यंत कुणीही घरात शिरायचं नाही. आणि आत्याला घाई नव्हती. ऊन चढत होतं. जिलानीच्या दुकानापुढं देविकाची रंगवायला आलेली स्टुलं ओळीनं ठेवलेली होती. लोकांनी ती उचलली आणि कडुलिंबाखाली मांडली.

"हे बुटकं हाय," चन्नबसप्पा बसता बसता म्हणाला. मग हलून बघितलं. मग परत हलून बघितलं. "पण डुगडुगत न्हाई बरं का."

"मेरे पाय हैं," जिलानी सुलतानबीला अभिमानानं म्हणाला.

"तुमचे पाय घरात कधी टिकतात?" ती म्हणाली, आणि दुसरं स्टूल ओढून बसली.

किनवटची एक मुलगी स्टुलावर वही ठेवून जमिनीवर बसून गणितं सोडवू लागली. मुकुल मात्र परात हातात धरून उन्हातच उभा होता. आत्याची नजर त्याच्यावर गेली.

"ए बाबा, माझी परात घिऊन कुठं चाललास?"

"तुमची?" मुकुल म्हणाला.

"न्हाई तर काय तुझ्या आज्याची? कडंला पोचा हाय बघ. माझ्या सासरहून तेवढीच आलेली हाय."

मुकुलनं देविकाकडं पाहिलं. देविकानं मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाली होती. अंगणातल्या सहा कॉट तिला इथूनसुद्धा स्पष्ट दिसत होत्या.

"खोटं बोलले," ती म्हणाली. "स्टुलाचं तेवढं खरं होतं. तोल आत्याचा आहे."

मुकुलनं परात आत्याच्या हातात दिली. मग तो आत्यापुढं रस्त्यावरच मांडी घालून बसला. "आत्या, हे तुम्हाला कशावरून सुचलं?"

"सुचतंय कशाला? झोप येत नव्हती."

"मग?"

"मग हे मांडलं. आपण डोळे मिटल्यावर बी घरात कुणीतरी जागं हाय, असं वाटाय लागलं. मंग झोप आली."

मुकुलनं पेन काढलं. या वेळी त्याला काही खोडावं लागलं नाही.

महिन्याभरानं मासिक आलं. पानभर फोटोत आत्या परात मांडीवर घेऊन रस्त्यात बसली होती, आणि ज्याच्यावर बसली होती ते देविकाचं स्टूल होतं. खाली दोघींची नावं होती, आधी आत्याचं. दोनच दिवसांत पुण्याच्या एका दुकानाचा फोन आला. त्यांना स्टुलं हवी होती, आणि तितकेच तोलही.

मास्तरांनी फोन दोनदा करून खात्री करून घेतली. मग ते अंगणात जाऊन कॉटवर बसले.

देविकानं पहिला तोल फार सफाईनं केला. कुरिअरमध्ये पडू नये म्हणून तांब्या, फुलपात्र आणि वाटी आतून बारीक सळईनं जोडून टाकली. आत्यानं तो टेबलावर ठेवला आणि टेबलावर जोरात हात आपटला. काही पडलं नाही. तिनं टेबल हलवलं. काही पडलं नाही.

"हे झोपलंय," आत्या म्हणाली.

"आत्या, पुण्याचे लोक नुसतं शोभेला ठेवणार."

"मंग परात कशाला दिती? शोभा ऐकू येती का?"

सळया काढाव्या लागल्या. त्या दिवसापासून आत्या पुढच्या खोलीत माल तपासायला बसू लागली. ती प्रत्येक तोल मांडी, टेबलाला एक चापट मारी, आणि जो पडेल तो पास करी. उभा राहील तो नापास. जिलानी म्हणाला की त्याच्या वेल्डिंगच्या धंद्यात असा साहेब त्यानं पहिल्यांदाच बघितला.

माल तयार झाला. पॅक करायच्या आधी आत्यानं सगळे तोल एकदा शेवटचे मांडायला लावले. खोलीत भिंतीला लागून परातींच्या रांगा उभ्या राहिल्या. त्याच दुपारी मास्तरांनी कॉट परत न्यायला टेम्पो बोलावला. खोली आता देविकाची, हे त्यांनी तोंडानं कधी म्हटलं नाही, टेम्पो बोलावला तेवढंच. पण टेम्पोवाल्याच्या मदतीची वाट बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. एक कॉट त्यांनी एकट्यानंच उचलली, वळवली, आणि तिचा पाय पुढच्या खोलीच्या भिंतीवर धाडकन आदळला.

आत एकामागून एक सगळ्या पराती वाजल्या. तसा आवाज गल्लीनं खऱ्या भूकंपानंतर ऐकला नव्हता.

"भाईर!" आत्या ओरडली.

जिना वाजला, भिंत हादरली, जिलानी, सुलतानबी, चन्नबसप्पा सगळे रस्त्यावर आले. या वेळी एक फरक होता. येताना बहुतेकांनी आपापलं स्टूल बरोबर आणलं होतं. जिलानीनं ती गल्लीत आधीच खपवली होती.

देविका धावत बाहेर आली. तिनं भिंतीवरचा पोपडा पाहिला, आडवी पडलेली कॉट पाहिली, आणि अंगठा धरून एका पायावर उभे असलेले वडील पाहिले.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "विज्ञान काय सांगतं?"

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. नांदेडचा मेव्हणा होता.

"दाजी, ग्रुपवर आलंय. परत झाला का?"

मास्तरांनी जमलेल्या गल्लीकडं पाहिलं. मग बहिणीकडं. आत्या पदर खोचून, पोरी सगळ्या उतरल्या का ते एकेकीला हात लावून बघत होती. मास्तरांनी जवळचं एक स्टूल पायानं ओढलं, त्यावर बसले, आणि अंगठा चोळत म्हणाले,

"हाव, झाला. मागच्यापेक्षा जोरात."