कमानीखालील संगमरवराची हकीकत

श्रीगजानन समर्थ. आधीं त्यास वंदन, मग वाचणारांस, आणि कारभारी मंडळींस सर्वांचे शेवटीं, कारण ते रांग मोडून पुढें येतातच. शके एकोणीसशें सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरीं, चार इमारतींच्या एका हौसिंग सोसायटीचे राज्यांत जें वर्तलें तें लिहितों.

राजश्री चेअरमन दिवाकरपंत सबनीस गादीवर होते. निवडणूक बिनविरोध जाहली होती, म्हणजे दुसरा कोणी उभाच राहिला नव्हता, परंतु पंत त्यास दिग्विजय म्हणत. मग त्यांचे चित्तीं आलें कीं राज्यास वेस पाहिजे, आणि वेशीवर कमान पाहिजे, आणि कमानीवर आपलें नांव पाहिजे. गच्ची गळत होती, ती गळूं दिली आणि क्लबहाउसांत कमिटीचा दरबार भरविला. त्या राज्याची रीत ऐसी कीं ठराव मांडावा तो बटाटेवडे येतांच, आणि बशीकडे गेलेले हात मंजुरीचे म्हणोन मोजावे. एकट्या वत्सलाबाई टिपणीस वडा न घेतां उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "अहो सबनीस, इंजिनिअर सांगतोय पाया उथळ आहे, आणि तुम्ही मेव्हण्याला काम देताय. कुणाच्या अंगावर पडली म्हणजे?" पंत हांसले. "वहिनी, पडली तर सोसायटी बघेल. आपल्याला काय होतंय? आपण तर फुकट सेवा करतो." बाई म्हणाल्या, "मग माझा विरोध लिहून घ्या, आणि माझं नाव कमानीच्या दगडावर घालू नका." सेक्रेटरी मुकुंदराव कारखानीस यांनीं विरोध लिहिला आणि दगडावरची एक ओळ वांचली म्हणोन संतोष पावले.

मग कमान उभी राहिली आणि काळ्या संगमरवरावर सोनेरी अक्षरीं कोरिलें कीं, ही कमान खालील मान्यवरांचे निर्णयानें व जातीनें केलेल्या देखरेखीखालीं उभारिली. खालीं नांवें, फ्लॅट नंबरांसहित. आणि शोभा यावी म्हणोन पंतांनीं वॉचमन बाबाजी कदम यांची खुर्ची कमानीखालीं मांडविली. भाद्रपदांत कमान खचली आणि बाबाजींचा पाय गेला. हें लिहितां संताप होतो. ज्यास दरबारांत हात वर करण्याचा अधिकार नव्हता, तोच खालीं सांपडला.

मग प्रकरण न्यायासनापुढें गेलें. पंत बोलिले, "साहेब, जे केलं ते सोसायटीनं केलं. मी व्यक्तिशः काहीच केलं नाही." कमानीचा चुरा जाहला होता, परंतु संगमरवरास ओरखडाही नव्हता. त्याचा फोटो पुढें ठेवून न्यायाधीशांनीं पुसिलें, "जातीनं देखरेख करणारे सबनीस ते आपणच ना?" पंत म्हणाले, "ते मानासाठी होतं." "इंजिनिअरचा इशारा कानावर येऊनही काम मेव्हण्याला दिलंत. आता भरपाईही जातीनंच द्या." ऐसा हुकूम पंतांवर, मुकुंदरावांवर व दगडावरील बाकीचे मान्यवरांवर जाहला, आणि वत्सलाबाई मोकळ्या सुटल्या. पंतांचे घरावर जप्ती आली. बेलिफास दार शोधावें लागलें नाहीं, नंबर दगडावर होता.

मग नवी कमिटी निवडण्यास दरबार भरला, वडे आले, आणि कोणी हात पुढें करीना. वडे निवले. तों बाबाजी कुबडी टेकीत आले आणि त्यांनीं एक उचलिला. "माझा हात मोजू नका हो," ते बोलिले, "मला भूक लागलीय."

एकंदर मजकूर इतुकाच. पंतांचें घर गेलें, तें पुन्हां घेतां येईल. बाबाजींचा पाय गेला. येथें लेखणी ठेविली.