अप्पासाहेबांची गाडी अडखळते

"हात्तिच्या, एवढंच ना? अर्ध्या तासाचं काम आहे, काका!"

हे वाक्य मी शहाण्णव सालच्या ऑक्टोबरअखेरीस, इंदिरानगरातल्या आमच्या घरमालकांच्या हॉलमध्ये, पायावर पाय टाकून उच्चारलं. पुढचे चार रविवार मी त्याच हॉलमध्ये फरशीवर मांडी घालून, तोंडात स्क्रू धरून बसलो होतो, ही गोष्ट वेगळी!

आमचे घरमालक अप्पासाहेब मूळचे निपाणीकडचे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. चाळीस वर्षं बंगलोरात काढल्यामुळे त्यांच्या मराठीत कानडी मुक्कामालाच होती. मुलगा अमेरिकेला जाताना आपला कॉम्प्युटर मागे ठेवून गेला आणि त्यात मोटारींच्या शर्यतीचा एक गेम. आयुष्यभर सरकारी जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला हा माणूस सत्तरीत स्वतः गाडी चालवायला लागला! रोज संध्याकाळी पाच ते सात. त्या वेळात दारावरची बेल वाजवायची कुणाची हिंमत नव्हती.

आणि अचानक ती गाडी अडखळायला लागली.

"बघ की रे निहार," अप्पासाहेब म्हणाले, "सरळ रस्त्याला जाती, जाती आणि मधेच उभी राहती. परत जाती, परत उभी. गिअर अडकलाय की काय?"

"रॅम कमी पडतेय, काका."

"ते काय असतं?"

"स्मरणशक्ती. गाडीला पुढचा रस्ता आठवत नाही."

मी हे कशाच्या जोरावर बोललो, विचारू नका. मी होतो सॉफ्टवेअर इंजिनिअर! म्हणजे दिवसभर एका अमेरिकन बँकेच्या प्रोग्रॅममध्ये ९६ दिसलं की त्याच्याआधी १९ लिहायचो. दोन वर्षं हेच. कॉम्प्युटरचा डबा आतून कसा दिसतो, ते मी बघितलंही नव्हतं. ऑफिसात तो उघडायला वेगळा माणूस होता आणि तो आम्हाला जवळ फिरकू देत नसे. पण पुण्याहून आलेल्या, इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरवर ऑफिसला जाणाऱ्या माणसाने 'माहीत नाही' म्हणायचं कसं?

शिवाय प्रकरण घराचं होतं. आमचा अकरा महिन्यांचा करार नोव्हेंबरअखेर संपत होता. अप्पासाहेबांचा धारवाडचा भाचा परसू वरच्या मजल्यावर डोळा ठेवून होता. आणि माझ्या बायकोला, आसावरीला, सातवा महिना लागला होता. अशा वेळी चोवीस तास पाण्याचं घर सोडून दुसरं शोधायचं, या विचाराने तिला रात्रीची झोप नव्हती.

"करारावर सही करा ना, काका," मी विषय काढला.

"करू की. गाडी सुरळीत पळाली की त्याच दिवशी सही. सरी?"

"सरी!" मीही कानडीतच 'बरं' म्हणालो.

वर आल्यावर आसावरीने विचारलं, "तुला येतं का हे?"

"अगं, त्यात येण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी तिने रिकामी खोकी जमवायला सुरुवात केली.

पहिल्या रविवारी मी एसपी रोडवर, कॉम्प्युटरच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन रॅम आणली. दुकानदार शिवकुमारने विचारलं, "कौनसा बोर्ड है?" मी म्हणालो, "हिरवा." त्याने माझ्याकडे वरून खाली बघितलं आणि दोन पट्ट्या काढून दिल्या. नशिबाने त्या बसल्या. डबा बंद केल्यावर तीन स्क्रू उरले, ते मी खिशात घातले. गेम लावला. गाडी सुटली, नारळाच्या झाडापाशी आली आणि उभी राहिली!

"फरक आहे हं," मी म्हणालो.

"आहे की," अप्पासाहेब म्हणाले, "पहिली झाडाच्या पुढं थांबत होती, आता अलीकडं थांबती."

तेवढ्यात त्यांनी डब्यावरच्या हिरव्या आकड्यांवर बोट ठेवलं. "हे तेहेतीस काय रे?"

आता आली का पंचाईत! पण माझी जीभ माझ्या आधी धावते. "आतली उष्णता. तेहेतीस डिग्री. अगदी नॉर्मल!"

तेव्हापासून अप्पासाहेब दिवसातून दोनदा तो आकडा बघून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला लागले. सकाळी तेहेतीस, संध्याकाळी तेहेतीस. "तब्येत उत्तम आहे यंत्राची," ते समाधानाने सांगायचे.

दुसऱ्या रविवारी ग्राफिक्सचं कार्ड बदललं. काय ते रंग! आकाश निळंशार, समुद्र हिरवागार. आणि त्या समुद्राच्या काठाने गाडी उचकी लागल्यासारखी चाललेली.

"थांबती, पण देखणी थांबती," अप्पासाहेब म्हणाले.

तिसऱ्या रविवारी मी प्रोसेसरच बदलला, त्याच्यावर पंखा बसवला. पंख्याचा आवाज असा, की शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, गिरणी सुरू केली का? गाडी तशीच!

आता खरेदी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग मी विजेला धरलं. "काका, व्होल्टेज खेचलं जातंय. गेम चालू असताना फ्रिज बंद ठेवा." फ्रिज बंद झाला. मग मिक्सर बंद. मग देवघरातला लाल बल्बही! अप्पासाहेबांच्या पत्नी प्रेमाअक्का गरीब स्वभावाच्या, पण तिसऱ्या दिवशी त्या नासलेल्या दुधाचं पातेलं घेऊन थेट हॉलमध्ये आल्या.

"ह्यांची गाडी पळेपर्यंत मी दूध कुठं ठेवू, ते तेवढं सांग बाळा."

त्या आठवड्यात परसू धारवाडहून येऊन वरच्या खिडक्यांची मापं घेऊन गेला. पडद्यांसाठी! आसावरी त्या रात्री रडली आणि मी पहिल्यांदा घाबरलो.

चौथा रविवार. करार संपायला सहा दिवस. मी डबा उघडून आत नुसताच बघत बसलो होतो. कळत काहीच नव्हतं, पण बघताना कपाळाला आठ्या ठेवल्या होत्या. शेवटी डबा बंद केला, कॉम्प्युटर चालू केला, अप्पासाहेबांनी गाडी सोडली. झाड आलं. गाडी थांबली.

"माझंच चुकलं म्हणायचं," प्रेमाअक्का दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. "दसऱ्याच्या आयुधपूजेपासून बिघडलंय हे. तोवर चांगलं पळत होतं. ह्यांच्या स्कूटरला लावलं, शिलाई मशीनला लावलं, तसं ह्यालाही हळदकुंकू लावलं. देवाला मानवलं नसंल. पुसूनच टाकते."

आमच्याकडे नळ दुरुस्त करायला येणारा माणूससुद्धा आधी विचारतो, कधीपासून गळतंय? मी चार रविवारांत एकदाही विचारलं नव्हतं. इंजिनिअर ना!

"अक्का, कुठं लावलं होतं?"

"इथं की. हे बटण जरा मोठं दिसलं. चांगलं दाबून लावलं, पडू नये म्हणून."

असं म्हणून त्यांनी डब्यावरचं 'टर्बो' लिहिलेलं बटण फडक्याने खसखसून घासलं. खट्ट! हिरवे आकडे लुकलुकले. तेहेतीस गेले आणि सहासष्ट आले.

अप्पासाहेब खुर्चीवरून ताडकन उठले. "सहासष्ट! उष्णता दुप्पट झाली! प्रेमा, बादली आण!"

"काका, थांबा!"

"थांबू काय? घर पेटंल!"

प्रेमाअक्का या वयातही चपळ. न्हाणीघरातून भरलेली बादली क्षणात हजर! अप्पासाहेबांनी ती दोन्ही हातांनी उचलली. समोर कॉम्प्युटर, त्यात मी बसवलेली रॅम, कार्ड, प्रोसेसर आणि त्या सगळ्यावर टांगलेलं आमचं घर. पडद्यावर गाडी वाऱ्यासारखी पळत होती, झाड केव्हाच मागे गेलं होतं, पण बघतो कोण?

"काका, ती उष्णता नाही! वेग आहे, वेग! पूजेत बटण दाबलं गेलं आणि तो निम्मा झाला होता!"

बादली हवेतच थांबली. "मग उष्णता का म्हणालास?"

"मला माहीत नव्हतं!"

बंगलोरात आल्यापासून हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं. एवढ्या मोठ्याने, की जिना उतरून आलेल्या आसावरीनेही ते ऐकलं.

"आणि रॅम?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"ते पण नव्हतं."

"कार्ड? फ्रिज?"

मी खाली मान घातली. अप्पासाहेबांनी बादली ठेवली, खुर्चीत बसले आणि अख्खी शर्यत पुरी केली. पहिले आले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, तिथल्या तीन आठवड्यांच्या तेहेतिसांकडे वळले. मी मनातल्या मनात खोकी मोजायला लागलो.

"शब्द म्हणजे शब्द," ते शेवटी म्हणाले. "गाडी पळाली. उद्या सही."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टॅम्प पेपर समोर ठेवला. मी आनंदाने सही करणार, तोच आसावरी म्हणाली, "अरे, वाच तरी. मोठ्याने वाच." भिंतीला खिळे ठोकू नयेत, गच्चीवर कपडे वाळवावेत, सगळं मागच्यासारखंच होतं. फक्त खाली अप्पासाहेबांनी स्वतःच्या हाताने, सरकारी वळणाच्या अक्षरात एक नवं कलम घातलं होतं.

'भाडेकरूने घरमालकाच्या कॉम्प्युटरला, तसेच विजेवर चालणाऱ्या इतर कोणत्याही वस्तूला हात लावू नये, व त्यांविषयी तोंडी सल्लाही देऊ नये. भंग झाल्यास घर तात्काळ खाली करावे.'

मी सही केली. साक्षीदार म्हणून आसावरीने केली. इतक्या हौसेने तिने आमच्या लग्नाच्या रजिस्टरवरही केली नव्हती!