कमळाबाईंचे ‘काऊन’

गिऱ्हाइकाला देव मानणाऱ्या हॉटेलांची अडचण अशी, की ती त्याला पुढे देवासारखेच वागवतात. ताट दाखवतात, हात जोडतात. पण त्याला खरोखर भूक लागली आहे का, हे कुणी विचारत नाही. आलापल्लीच्या बसथांब्यासमोरचे कमळाबाईंचे हॉटेल या दोषापासून पूर्ण मुक्त होते. तिथे गिऱ्हाइकाला माणूस मानत आणि माणसाला जे विचारायचे ते विचारत.

तो प्रश्न एका शब्दाचा. गिऱ्हाईक म्हणे, “एक प्लेट तर्री-पोहे.” कमळाबाई कढईवरची नजर न काढता म्हणत, “काऊन?”

पुण्या-मुंबईकडे याला ‘का’ म्हणतात. पण ‘का’ हवेत विरून जातो. ‘काऊन’ टेबलावर येऊन बसतो आणि उत्तर मिळाल्याशिवाय उठत नाही. कारण पटले तर पोहे, नाही तर पाणी. (पाणी विनाचौकशी मिळे.) भर दुपारी जेवण मागणाऱ्याला बायकोशी काय बिनसले ते सांगावे लागे, अकरा वाजता चहा मागणाऱ्याला हापिसात आपल्या खुर्चीवर कोण आहे ते, आणि तिसरा आलूबोंडा मागणाऱ्याला रक्तातली साखर. अशा रीतीने कुटुंब न्यायालय, दक्षता विभाग आणि आरोग्य केंद्र यांचा कारभार एकाच कढईवर चाले. नव्याने बदलून आलेल्या एका साहेबांनी स्पेशल चहा मागितला, तेव्हा त्यांनाही “काऊन?” झाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांना हे कुणी विचारलेच नव्हते. ते चहा न घेताच परतले आणि त्यांनी म्हणे तुंबलेल्या तीन फायली निकाली काढल्या. (या वृत्ताला दुजोरा मिळालेला नाही.)

अख्ख्या गावात ‘काऊन’मुक्त माणूस एकच: सागवान डेपोतून कारकून म्हणून निवृत्त झालेले मुखरूभाऊ. ते बोट वर करत आणि पोहे येत. या मानाचे कारण, मुखरूभाऊंच्या मते, त्यांचे व्यक्तिमत्त्व होते. (कमळाबाईंनी त्यांना पूर्वी एकदा ‘काऊन’ विचारले होते. मुखरूभाऊंनी आपल्या पहिल्या नेमणुकीपासून सुरुवात केली. ते निवृत्तीपर्यंत पोचेस्तोवर कढईतल्या बोंड्यांचा कोळसा झाला. पुन्हा तो धोका बाईंनी पत्करला नाही.)

आणि मुखरूभाऊंना या मानाची आता फार गरज होती. त्यांचे व्याही रामाजी वरोऱ्याचे. गेल्या सोयाबीनच्या हंगामात तिथल्या बाजारात एका अडत्याने रामाजींना पाहताच खुर्ची दिली होती आणि मुखरूभाऊंना पोत्यावर बसवले होते. तेव्हापासून रामाजी फोनवरसुद्धा खुर्चीतून बोलून राह्यले, असे मुखरूभाऊंना ऐकू येई. “इवाई, एकदा आमच्या गावाले या,” ते शेवटी म्हणाले. “कमळाबाई साहेबाले ‘काऊन’ म्हणते. मले नाई म्हणत.”

नेमके त्याच सुमारास जंगल पाहायला आलेल्या एका पाहुण्याने इंटरनेटवर कमळाबाईंना एकच तारा दिला. अभिप्राय असा: “बोंड्यासोबत सांबार मागितला, तर वरून कोथिंबीर घातली. त्याआधी ती कशाला हवी, हे विचारले.” (इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. भाषा पाहुण्याची कच्ची. तारे मात्र बाईंचे गेले.)

बाईंची भाची रिंकू नागपुरात हॉटेलाचा कोर्स करून आली होती. तिने सूत्रे हाती घेतली.

“आत्या, आजपासून ‘काऊन’ बंद. ‘आपलं स्वागत आहे’ म्हणाचं.”

“काऊन?”

“हेच ते.”

कमळाबाई शिस्तीच्या. त्या “आपलं स्वागत हाये” म्हणू लागल्या, कढईवरची नजर न काढता. गिऱ्हाइकांचे हाल सुरू झाले. काळीपिवळीवाल्या लच्छूने सहा बोंडे मागितले आणि त्याला सहा मिळाले. त्याच्या पोटापायी गाडी दोन दिवस उभी होती. बुधूचे सुनेशी भांडण झाले. तो रोज येऊन जेवून गेला, पण कुणी विचारलेच नाही. शेवटी त्याला स्वतःहून सांगावे लागले, आणि स्वतःहून सांगितलेल्या भांडणाला बाजारात काही किंमत नसते.

या सुधारणेचा पत्ता नसलेला माणूसही एकच: मुखरूभाऊ. त्यांना पूर्वी विचारत नसत, आताही विचारत नव्हते.

रामाजी आले. हॉटेलातली एकुलती खुर्ची मुखरूभाऊंनी त्यांना दिली, स्वतः बाकावर बसले आणि बोट वर केले. पोहे आले. मुखरूभाऊंनी व्याह्यांकडे पाहिले. रामाजींनीही बोट वर केले.

“आपलं स्वागत हाये.” पोहे आले.

रामाजींनी चौफेर नजर फिरवली. “इवाई, इथी तं कोनालेई देऊन राह्यले.”

मुखरूभाऊंनी पोहे तसेच ठेवले. ते उठून कढईजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “कमळाबाई, एक उपकार करा. माह्या इवायाले काऊन म्हणा.”

कमळाबाईंनी कढईवरची नजर काढली.

“काऊन?”

साऱ्या हॉटेलात चमचे थांबले. “घरवाली माहेरी गेली, बाई,” लच्छू घाईघाईने म्हणाला. बुधू उभाच राहिला. “सून अजून बोलत नाई.” त्या दोघांना कुणी काही विचारले नव्हते. रिंकूने तोंड उघडले, दोघांचे उजळलेले चेहरे पाहिले आणि मिटले.

बाई रामाजींकडे वळल्या. “आन् भाऊ, तुमी? आत्ताच इवायाच्या घरून जेवून आले न? मंग पोहे काऊन?”

रामाजी बाजारातले माणूस. थाप जिभेवर तयार होती. पण ‘काऊन’ टेबलावर येऊन बसला होता.

“खरं सांगू का, बाई? विहीनबाईच्या हातचं जेवण अळणी राह्यते.”

“हे कारन चालते,” म्हणत बाईंनी त्यांच्या पोह्यांवर आणखी तर्री ओतली आणि मुखरूभाऊंपुढे न मागता चहा ठेवला.

“तुमाले नाई विचारलं,” रामाजी म्हणाले.

“मले नाई विचारत,” मुखरूभाऊंनी नम्रपणे मान खाली घातली. रामाजी उठले आणि त्यांनी खुर्ची व्याह्यांकडे सरकवली.

मुखरूभाऊ खुर्चीतून उठून घरी पोचण्याआधी ‘अळणी’ हा शब्द त्यांच्या घरी पोचला होता. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते हॉटेलात आले, बोट वर केले आणि म्हणाले, “जेवण.”

कमळाबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. “काऊन?”

मुखरूभाऊंनी आयुष्यात प्रथमच कारण एका शब्दात सांगितले. “अळणी.”

हॉटेल आता पूर्ववत चालू आहे. तारा एकच आहे. हे वाचून काही वाचक तिथला नेमका पत्ता विचारतील.

काऊन?

(घरी सगळं ठीक हाये न?)