पुतळ्याच्या मापाची बंदूक

एका जंगलात, मुलांनो, एक बंदूक राहायला आली.

तशी ती स्वतःहून आली नव्हती. एक शिकारी मचाणावर बसल्या बसल्या पेंगला. खालून जाणारं अस्वल शिंकलं. शिकारी जो खाली पडला, तो थेट गाव येईपर्यंत थांबला नाही. मागे राहिल्या त्याच्या चपला, काडतुसांचा पट्टा आणि बंदूक. चपला सरकारजमा झाल्या. बंदुकीचं काय करायचं ते मात्र कुणाला कळेना.

या जंगलाचा राजा सिंह होता. आता म्हातारा झाला होता. दात पडल्यामुळे त्याने शिकार सोडली होती. दरबारात याला करुणा म्हणत. तुम्हीही करुणाच म्हणा, उगाच वाद नको. उंबरं, मध आणि स्तुती यांवर त्याचं बरं चाललं होतं.

प्रधान होता साळिंदर. त्याला लेखणी शोधावी लागत नसे. अंगावरचा एक काटा उपसायचा आणि हुकूम लिहायचा.

आणि पाणवठ्यावर महाराजांचा पुतळा होता. दगडी. मागच्या पायांवर उभा, पुढचे पंजे उचललेले, छाती पुढे काढलेली. महाराजांच्या दीडपट. पण 'दीडपट' हा शब्द जंगलात कुणी उच्चारत नसे. पुतळा हुबेहूब आहे, असं म्हणायची पद्धत होती.

आता लांडग्यांकडे वळू. ते राहत माळावर. जंगलात म्हातारा राजा आहे, हे त्यांना वासावरून कळलं होतं. ते भर दुपारी यायचे आणि एखादं पिल्लू उचलून न्यायचे. पारी नावाच्या हरणीची दोन पाडसं होती. त्यातलं एक त्यांनी नेलं. उरलेल्याचं नाव ठिपका. पारी त्याला क्षणभरही नजरेआड करत नसे. ती गवत खायची, पण डोळा ठिपक्यावर. तिला धड खाताही येत नव्हतं आणि रडताही येत नव्हतं.

पारी दरबारात आली आणि म्हणाली, "महाराज, माझं एवढं एकच राहिलंय. बंदूक आहे ना आपल्याकडं? मग चालवा की."

महाराजांनी साळिंदराकडे पाहिलं. साळिंदराने काटा उपसला. बंदूक चालवायला हात लागतात, आणि हात होते वानरांना. वानरांत सगळ्यांत लांबचं दिसायचं झिपरीला. शेंड्यावर बसून लांडगे आले की खाकरून हरणांना सावध करायचं काम ती आधीपासून करतच होती, तेही फुकट. तिची नेमणूक झाली.

झिपरीने पहिला बार चिंचेला टांगलेल्या वाळक्या भोपळ्यावर काढला. भोपळा होता तिथेच राहिला. शेजारच्या झाडावरच्या चिंचा तेवढ्या पडल्या. बंदुकीने मागे असा दणका दिला की झिपरीचा गाल सुजून टम्म झाला.

खोडावर उलटा बसून हे सगळं पाहत होता सुतारपक्षी. त्याला ठोकेकाका म्हणत. तो जंगलातला एकमेव सुतार, आणि फार तोंडाळ.

"पोरी, तुझी नजर चांगली आहे," तो म्हणाला. "ही बंदूक तुझ्या मापाची नाही."

"बंदुकीला कसलं माप, काका?"

"चोळीला असतं ना? तसंच. दुसरीची चोळी घालून कुणी मिरवतं का? दस्ता, म्हणजे हा मागचा लाकडी भाग, खांद्यात नीट बसला पाहिजे. गाल लाकडाला टेकला पाहिजे. डोळे मिटून बंदूक उचल आणि मग उघड. नळीच्या टोकावरचा मणी समोर दिसला पाहिजे. मणी शोधत बसलीस, तर लांडगा घरी जाऊन जेवून येईल."

झिपरीने डोळे मिटून बंदूक उचलली. उघडले, तेव्हा तिला दिसलं फक्त लाकूड.

"बघ," ठोकेकाका म्हणाला. "माणसाचा हात लांब. तुझा आखूड. त्यात तू डावखुरी. दस्ता चार बोटं कापायचा, गालापाशी थोडा तासायचा आणि डावीकडे झुकवायचा. एका सकाळचं काम."

त्याने वेल तोडली आणि झिपरीच्या कोपरापासून बोटापर्यंत धरली. इतक्यात साळिंदर खुडबुडत आला.

"थांबा! हे काय चाललंय?"

"माप घेतोय."

"कुणाचं?"

"जी बंदूक चालवणार, तिचं."

साळिंदराचे सगळे काटे उभे राहिले. "महाराजांच्या आधी?"

मुलांनो, त्या जंगलात एक रीत होती. मोसमातला पहिला आंबा महाराजांचा. नव्या पाण्यात पहिली आंघोळ महाराजांची. थंडीत पहिली शिंकसुद्धा महाराजांनी दिल्याशिवाय कुणी देत नसे. बिचारे नाक दाबून बसत. मग पहिलं माप महाराजांचं नको?

"पण महाराज बंदूक चालवणार आहेत का?" ठोकेकाकाने विचारलं.

"छे! महाराज कशाला चालवतील?"

"मग?"

"मग काय? मान म्हणून काही असतो की नाही?"

आता पंचाईत अशी, की महाराजांच्या अंगाला हात लावायचा नाही, अशी दुसरी रीत होती. माप घ्यायचं कसं? साळिंदर हुशार. तो म्हणाला, "पुतळा हुबेहूब आहे. त्याचं घ्या."

ठोकेकाकाने चोच उघडली. पण जंगलात 'दीडपट' म्हणायची सोय नव्हती. त्याने चोच मिटली. पुतळ्याच्या खांद्याला वेल लावली, सागाचा भला थोरला तुकडा दस्त्याला जोडला आणि वरून लाखेने पक्का केला. आधीच लांब असलेली बंदूक आता नांगराएवढी झाली. महाराजांनी ती दुरून पाहिली आणि मान डोलावली. आपण एवढे आहोत, हे पाहून त्यांना बरं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात लांडगे आले. झिपरी खाकरली. मग बंदूक उचलायला गेली, तर दस्ता काखेत अडकला. तो सोडवून तिने कसाबसा चाप ओढला. छर्रे ढगात गेले. लांडग्यांनी सशाची दोन पिल्लं नेली. जाताना एक लांडगा हसला, असं म्हणतात. मी ऐकलं नाही, पण हसला असणार.

चौकशी बसली. बंदूक तपासली गेली. महाराजांच्या मापाची होती, म्हणजे तिच्यात खोट असणं शक्यच नव्हतं. साळिंदराने निकाल लिहिला : 'बंदूक चुकत नाही, खांदा चुकतो.' तो सगळ्यांना इतका आवडला, की झाडाझाडांवर लावण्यात आला.

मग खांदा सुधारायचं काम सुरू झालं. झिपरीचे हात लांब व्हावेत म्हणून दोन्ही मनगटांना धोंडे बांधून तिला फांदीवर बसवलं. तिने उजवीकडून नेम धरावा म्हणून डाव्या डोळ्यावर पळसाचं पान बांधलं. मान लांब व्हावी म्हणून करकोच्याची शिकवणी लावली. करकोचा रोज सांगायचा, "मन लावून ताण." महिनाभरात झिपरीचे हात दुखू लागले आणि नजर अधू झाली. पण प्रगती समाधानकारक आहे, असं कागदावर होतं.

पारी रोज झाडाखाली येऊन विचारायची, "झालं का गं?"

झिपरी वरून म्हणायची, "होतंय." तिला खोटं बोलायची लाज वाटायची.

एके दिवशी पारी आली. नुसती उभी राहिली. ठिपका तिच्या पायांत शिरून दूध पीत होता. झिपरीने डोळ्यावरचं पान ओरबाडून टाकलं, धोंडे सोडले आणि ठोकेकाकाला हाक मारली.

"काका, माझं माप घ्या."

"पोरी, दोघंही मरू."

"घ्या म्हणते ना!"

दरबार जेवून झोपला होता. ठोकेकाकाने लाख फोडली, सागाचा तुकडा काढला, दस्ता चार बोटं कापला, गालापाशी तासला, डावीकडे झुकवला. झिपरीने डोळे मिटले, बंदूक उचलली, डोळे उघडले. मणी समोर होता. जणू तिची वाटच पाहत होता.

आणि लांडगे आले. ते झोपेची वेळ साधूनच यायचे. त्यांचा नाईक पुढे होता. पारी वळेपर्यंत त्याने ठिपक्याची मानगूट धरली आणि माळाच्या दिशेने पळाला. झिपरी फांदीवर उभी राहिली. तिने नेम धरला असं म्हणता येणार नाही. बंदूक खांद्याला लागली आणि नेम लागला. नाईकाच्या ढुंगणात छर्रे घुसले. तो असा केकाटला की त्याच्या तोंडातून ठिपका सुटला. सगळे लांडगे शेपट्या घालून पळाले.

ठिपक्याच्या मानेवर दातांचे व्रण होते, पण तो धावत आईकडे आला. मला फार आनंद झाला, मुलांनो. खोटं कशाला सांगू? अजून होतो.

बंदुकीच्या आवाजाने दरबार जागा झाला. साळिंदर आला. त्याने पाडसाकडे पाहिलं नाही. बंदुकीकडे पाहिलं.

"दस्ता कुणी कापला?"

"मी," ठोकेकाका म्हणाला. "आणि लांडगे पळाले."

"लांडग्यांचं काय घेऊन बसलात! हे माप महाराजांचं होतं. दस्ता कापला म्हणजे महाराजांचा खांदा कापला!"

महाराजांनी आपला खांदा चाचपून पाहिला. तो जागेवर होता. तरी त्यांना दुखल्यासारखं वाटलं.

ठोकेकाका आणि झिपरी, दोघांना हद्दपार केलं. ते नदीपलीकडच्या रानात गेले. पारी कुणालाही न विचारता ठिपक्याला घेऊन त्यांच्यामागे निघाली. मग ससे गेले, वानरं गेली, मोरही पिसारा आवरून गेले. एवढी गर्दी झाली, की नदीला पायी ओलांडायचा उतार कुठे आहे हे सगळ्या जंगलाला पाठ झालं.

इकडे दस्त्याचा कापलेला भाग आणि सागाचा तुकडा हार घालून परत आणले, तासलेल्या जागी लाख भरली, सगळं वेलींनी करकचून बांधलं. बंदूक पुन्हा पहिल्यासारखी झाली. पण चालवणारं कुणी उरलं नव्हतं. तेव्हा ती पुतळ्याच्याच खांद्याला लावण्यात आली. आणि काय सांगू, तिथे ती अशी बसली, अशी बसली, की केसाचीही फट राहिली नाही. गाल टेकलेला. मणी डोळ्यासमोर. दरबाराने टाळ्या वाजवल्या.

लांडगे लांबून तीन दिवस पाहत होते. पुतळा नेम धरून होता. पण जांभई देत नव्हता, माशी उडवत नव्हता, आणि चापही ओढत नव्हता. चौथ्या दिवशी नाईक लंगडत पाणवठ्यावर आला आणि पुतळ्याला पाठ घासू लागला.

जंगलात आता खायला दुसरं कुणी नव्हतं. लांडगे महाराजांकडे वळले.

महाराज कसेही असले तरी सिंह होते. त्यांनी पुतळ्याच्या हातातली बंदूक हिसकली, मागच्या पायांवर उभे राहिले आणि ती खांद्याला लावली. दस्ता काखेत अडकला. डोळ्यासमोर लाखेचा गोळा आला. पंजा चापापर्यंत पोहोचेना.

"साळिंदरा!" महाराज ओरडले. "ही तर माझ्याच मापाची ना रे?"

साळिंदर झुडपाआड होता. सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "बंदूक चुकत नाही, महाराज. खांदा चुकतो."

पुढचं मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात.

साळिंदराला मात्र कुणी खाल्लं नाही. त्याला खाणं अवघड असतं. संध्याकाळी नाईक राजाच्या शिळेवर बसला. साळिंदर खुडबुडत पुढे आला, वाकला, आणि अंगावरचा एक काटा उपसून म्हणाला, "महाराज, पुतळा केवढा करायचा?"

तात्पर्य : बंदूक कुणाच्याही मापाची करा, चालेल. पुतळा मात्र राजाने आपल्याच मापाचा करून घ्यावा. आणि सुताराने माप घेण्याआधी नदीला उतार कुठे आहे, ते पाहून ठेवावं.